पुण्याचा राघवेंद्र, बरहजचा बाबा





आपल्या वार्तापत्रातून आम्ही दर वेळी एखाद्या थोर व्यक्तीचा परिचय करून देत असतो. टिळक, आगरकर, सावित्रीबाई, महर्षी कर्वे यांच्याविषयी आपण पुष्कळ वाचलेले आहे. या वेळचे नाव आपल्यापैकी बहुतेकांना अपरिचित असेल. पण ज्या भागात ही व्यक्ती राहिली, तिथल्या शाळकरी पोरालाही ते पाठ असते. हे आम्हांला कळले तेही एका शाळकरी पोराकडूनच.

झाले असे की जूनमध्ये पाचवीच्या वर्गात एक मुलगा नव्याने दाखल झाला. वडील करासवाड्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, म्हापशात येऊन जेमतेम दोन महिने झालेले. मराठीचा गंध नाही. वर्गशिक्षिकांनी त्याला आमच्याकडे पाठवले, कारण आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आहे हे शाळेत सर्वांना ठाऊक आहे. आम्ही त्याला भिंतीवरच्या नकाशात त्याचे गाव दाखवायला सांगितले. त्याने गोरखपूर दाखवले, मग देवरिया, आणि मग बोट खाली नदीवर नेऊन नकाशात नसलेल्या एका गावाचे नाव सांगितले: बरहज. तिथे काय आहे, असे विचारल्यावर तो म्हणाला की तिथे सरयू आहे आणि बाबा राघवदासांचा आश्रम आहे. हे बाबा कोण, ते मात्र त्याला सांगता आले नाही. ते नाव त्याच्यासाठी कॉलेजच्या पाटीवरचे होते.

आम्ही शोध घेतला, जुनी हिंदी पुस्तके काढली, आणि थक्क झालो. बरहजचे बाबा राघवदास हे पुण्यात जन्मलेले मराठी माणूस होते.

त्यांचे मूळ नाव राघवेंद्र, वडिलांचे नाव शेषाप्पा, आडनाव पाच्छापूरकर. बेळगाव जिल्ह्यात पाच्छापूर नावाचे गाव आहे, त्यावरून हे आडनाव पडले असावे असा आमचा तर्क आहे. जन्म १२ डिसेंबर १८९६, पुणे. वडील व्यापारी होते, घर भरलेले होते. पण जन्माचे साल पाहा. त्याच वर्षी मुंबईत प्लेग शिरला आणि पुढच्या काही महिन्यांत पुण्यात पोचला. १८९७ साली रँडसाहेबाचा वध झाला तो याच प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमामुळे, हे आठवी-नववीच्या मुलांनी इतिहासात वाचले आहे. त्यानंतरही कित्येक वर्षे ही साथ पुण्याला फिरून फिरून येत राहिली. राघवेंद्राचे कुटुंब तिने गिळले. इतिहासाच्या पुस्तकात प्लेग दोन ओळींत संपतो. या मुलाच्या घरात त्याने कोणाला ठेवले नाही.

१९१३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, राघवेंद्राने पुणे सोडले. गुरूच्या शोधात निघाला असे चरित्रकार सांगतात. ते खरेच असेल, परंतु ज्याला परत यायला घर उरलेले नाही अशा मुलाचे निघणे वेगळेच असते, असे आम्हांला राहून राहून वाटते. प्रयाग झाले, काशी झाली. त्या काळी काशीत मराठी घाट होते, मराठी पंडितांची घरे होती, मराठी जेवण मिळण्याची सोय होती. दक्षिणेतून गेलेला मुलगा तिथे सहज रमला असता. हा तिथे थांबला नाही, गंगेच्या काठाने पुढे गाझीपूरला गेला. तिथे त्याला एक साधू भेटले, ज्यांना लोक मौनीबाबा म्हणत. या मौनीबाबांनी राघवेंद्राला हिंदी शिकवली. मौनीबाबांनी भाषा शिकवावी, याची आम्हांला भाषाशिक्षक म्हणून मोठी गंमत वाटते.

लिपी एकच असल्यामुळे मराठी माणसाला हिंदी सोपी जाते, असे आपण धरून चालतो. आम्ही स्वतः वडिलांच्या बदलीमुळे ऐन कॉलेजच्या वयात हिंदी मुलखात गेलो, तेव्हा याच भ्रमात होतो. तिकडे शिक्षा म्हणजे शिक्षण, चेष्टा म्हणजे प्रयत्न आणि संसार म्हणजे अवघे जग. पहिल्या वर्षी प्राध्यापकांनी आम्हांला अधिक चेष्टा करायला सांगितली आणि आम्ही दुखावून घरी आलो. आता हीच गोष्ट उलटी घडते. आमच्या एका शिक्षिकेने दंगा करणाऱ्या वर्गाला शिक्षा करीन म्हटले, तेव्हा हा नवा मुलगा उत्साहाने वही उघडून बसला. सगळा वर्ग हसला. तोही हसला, पण का हसतो आहोत ते न कळता. तसे हसणे काय असते ते आम्हांला ठाऊक आहे.

गाझीपूरहून राघवेंद्र सरयूच्या काठी बरहजला पोचला. हे गाव कसे आहे ते मुलांनी डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करावा. सरकारी कागदांत त्या नदीला घाघरा म्हणत, गावकरी सरयू म्हणतात. तिथेच राप्ती नदी तिला येऊन मिळते. आजूबाजूला दूरवर एकही डोंगर नाही, टेकडीसुद्धा नाही. आपल्याकडे चार हात खणले की चिरा लागतो. तिथे कितीही खणा, नद्यांनी आणलेला गाळच. दगड नावाची वस्तू नाही, म्हणून घरे विटांची किंवा मातीची. (आमचा तो मुलगा शाळेच्या कुंपणाचे लाल चिरे हात लावून पाहत होता. एवढी मोठी वीट कोण भाजतो, हा त्याचा प्रश्न.) पाऊस आपल्या निम्म्याहूनही कमी, पण नद्या हिमालयाकडून येत असल्याने पूर मात्र मोठे. मे महिन्यात लू नावाचा गरम वारा, पौषात दिवसदिवस न हटणारे धुके. उसाची शेते, आमराया, आणि घराघरांत भोजपुरी. म्हणजे कष्टाने शिकलेली हिंदीसुद्धा इथे अर्धीच कामाची. बरहजला नदीवरच्या व्यापाराची बाजारपेठ होती, पण गाव छोटेच. अजूनही ते छोटेच आहे. सलेमपूरहून आगगाडीचा एक फाटा तिथवर जातो आणि तिथेच संपतो. त्या फाट्यावरच्या गाडीला लोक लाडाने बरहजिया म्हणतात.

बरहजला योगिराज अनंत महाप्रभू नावाचे सत्पुरुष राहत होते. राघवेंद्र त्यांचा शिष्य झाला आणि त्याचा राघवदास झाला. गुरूंच्या पश्चात आश्रमाची धुरा त्याच्याकडे आली. गोष्ट इथेच संपली असती तर एका मठाचे एक अधिपती एवढीच नोंद उरली असती, आणि आम्ही हा लेख लिहिला नसता.

८ फेब्रुवारी १९२१ रोजी महात्मा गांधी गोरखपूरला आले. त्या सभेला लोटलेल्या गर्दीत तिथल्याच शाळेतले एक शिक्षकही होते, त्यांचे नाव प्रेमचंद. काही दिवसांतच त्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला, हे हिंदी साहित्याच्या विद्यार्थ्यांना माहीत असते. बाबा राघवदास त्याच वर्षी गांधीजींना भेटले आणि असहकाराच्या चळवळीत पडले. आश्रमाचा अधिपती खेड्यापाड्यांतून पायी फिरू लागला. सत्याग्रह, तुरुंग, पुन्हा सत्याग्रह, असा पुढचा क्रम. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहातही ते त्या भागात आघाडीवर होते. तुरुंगवाऱ्यांची मोजदाद आम्ही इथे करीत नाही. त्या काळच्या बहुतेक कार्यकर्त्यांची चरित्रे या बाबतीत एकसारखी आहेत.

पण दोन प्रसंग सांगायलाच हवेत.

पहिला चौरीचौराचा. गोरखपूर आणि देवरिया यांच्या मधले हे रेल्वेचे ठाणे. ४ फेब्रुवारी १९२२ रोजी तिथे पोलिसांनी जमावावर गोळीबार केला, चिडलेल्या जमावाने पोलीस ठाणे पेटवले आणि बावीस-तेवीस पोलीस मेले. गांधीजींनी देशभरचे आंदोलन थांबवले. आपल्या पाठ्यपुस्तकात धडा इथे संपतो. पुढे काय झाले? सत्र न्यायालयाने जानेवारी १९२३ मध्ये १७२ जणांना फाशी सुनावली. बहुतेक गरीब शेतकरी, मजूर. हिंसा करणाऱ्यांच्या बाजूने उघडपणे उभे राहायला पुढारी कचरत होते. बाबा राघवदास या लोकांसाठी पंडित मदनमोहन मालवीयांकडे गेले, असे त्या भागात आजही सांगतात. मालवीयांनी वकिली केव्हाच सोडलेली होती. ते या खटल्यासाठी पुन्हा कोर्टात उभे राहिले. ३० एप्रिल १९२३ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९ जणांची फाशी कायम केली, आणि दीडशेच्या आसपास माणसे फासावरून परतली. बाबा अहिंसावादी होते. पण ठाणे जाळणाऱ्या जमावातला माणूसही त्यांच्या लेखी त्यांच्या गावचा होता.

दुसरा प्रसंग १९ डिसेंबर १९२७ चा. काकोरी कटातले क्रांतिकारक रामप्रसाद बिस्मिल यांना गोरखपूरच्या तुरुंगात फाशी झाली. राप्तीच्या काठी अंत्यसंस्कार झाले. बाबांनी त्यांच्या अस्थी बरहजच्या आश्रमात आणून तिथे समाधी बांधली. इंग्रज सरकारच्या नजरेखाली राहणाऱ्या माणसाने क्रांतिकारकाची समाधी स्वतःच्या अंगणात बांधावी, याचा अर्थ मोठ्या मुलांच्या ध्यानात येईल. ती समाधी अजूनही तिथे आहे.

हिंदीच्या कामाचाही उल्लेख करतो, कारण तो आमच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने आसामात हिंदी प्रचाराचे काम सुरू झाले, तेव्हा ते बाबा राघवदासांवर सोपवले गेले. ज्याने स्वतः सतराव्या वर्षानंतर ही भाषा शिकली, तोच ती शिकवायला ब्रह्मपुत्रेच्या काठी गेला. जन्मतः हिंदी बोलणारे लाखो लोक असताना ही निवड आम्हांला फार योग्य वाटते. भाषा नव्याने शिकताना कुठे अडते, हे शिकलेल्यालाच माहीत असते.

मराठी माणसे पुढेही त्यांच्या वाटेला आली. १९४० च्या सुमारास हिंगोली भागातल्या कडोलीचा एक तरुण संघाचा प्रचारक म्हणून गोरखपूरला गेला. राहायला जागा नव्हती. बाबांनी आश्रमात ठेवून घेतले, अट एकच, स्वयंपाक करायचा. तो तरुण म्हणजे नानाजी देशमुख. काँग्रेसच्या सत्याग्रहीने संघाच्या प्रचारकाला घरात घेतले, आणि फुकट नव्हे, पोळ्या लाटायला लावून. हे दोन्ही आम्हांला आवडले.

आता एक अवघड जागा. चरित्र लिहिणाऱ्याने ती गाळू नये असे आमचे मत आहे. १९४८ साली समाजवादी मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली आणि त्यांनी विधानसभेच्या जागांचे राजीनामे दिले. फैजाबादच्या पोटनिवडणुकीत समाजवाद्यांचे आचार्य नरेंद्र देव उभे राहिले. बौद्ध तत्त्वज्ञानाचे गाढे पंडित आणि निष्कलंक माणूस. काँग्रेसने त्यांच्यासमोर बाबा राघवदासांना उभे केले. प्रचारात नरेंद्र देवांची देवावर श्रद्धा नाही, या मुद्द्यावर भर दिला गेला आणि बाबा सुमारे १३०० मतांनी निवडून आले. ज्याने चौरीचौराच्या वेळी कोणाचा धर्म, कोणाचे मत विचारले नाही, त्याच्या नावाने अशा रीतीने मते मागितली जावीत, हे वाचून आम्हांला वाईट वाटले. बाबांच्या भक्तांना हे आवडणार नाही. पण माणूस पूर्ण सांगायचा तर हेही सांगितले पाहिजे.

आमदारकीत त्यांचे मन रमले असे दिसत नाही. गोरखपूरला कुष्ठरोग्यांसाठी त्यांनी सेवाश्रम उभारला. कुष्ठरोग्याला गावाबाहेर हाकलण्याचा तो काळ. पुढे विनोबांची भूदान चळवळ उत्तर प्रदेशात आली, तेव्हा बाबांनी तिला वाहून घेतले. विनोबा पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, बाबा पुण्याचे. दोघे मराठी माणसे अवध-पूर्वांचलच्या खेड्यांत जमीनदारांकडून भूमिहीनांसाठी जमीन मागत पायी हिंडत होती. दोघे एकमेकांशी मराठीत बोलत असतील का, असे कुतूहल आम्हांला वाटते.

१५ जानेवारी १९५८ रोजी बाबा गेले. त्या भागात त्यांना पूर्वांचलाचे गांधी म्हणतात. देवरियात आणि बरहजमध्ये त्यांच्या नावाची महाविद्यालये आहेत. १९९८ च्या डिसेंबरात टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. त्याच महिन्यात गाडगेबाबांचेही निघाले. आणि गोरखपूरचे बी. आर. डी. मेडिकल कॉलेज. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तिथे लहान मुलांचे मृत्यू झाले आणि हे नाव कित्येक दिवस देशभरच्या बातम्यांत होते. म्हापशात आपण सर्वांनीच ते ऐकले असणार. ती तीन अक्षरे म्हणजे बाबा राघवदास, हे आमच्या शिक्षकवर्गात एकालाही माहीत नव्हते, आम्हांलाही नव्हते.

इथे आपल्या गोव्याच्या वाचकांसाठी एक गोष्ट जोडतो. बरहजहून त्याच सरयूच्या काठाने वर गेले की दोहरीघाट लागते. आपल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी, जन्म १८७६, हेही ज्ञानाच्या ओढीने तरुणपणी घर सोडून निघालेले. काशी, नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश असे फिरून बौद्ध धर्माचे जगन्मान्य अभ्यासक झाले. आयुष्याच्या अखेरीस, १९४६ साली, त्यांनी दोहरीघाटच्या आश्रमात प्रायोपवेशन सुरू केले होते. गांधीजींच्या शब्दाखातर ते थांबवले, आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला त्यांनी देह ठेवला. एक गोमंतकीय आणि एक पुणेकर, दोघांनाही त्याच नदीने काठावर जागा दिली.

आता पालकांशी थोडे बोलतो. सत्राच्या सुरुवातीला काही पालकांनी विश्वस्त मंडळाकडे विनंती केली की बाहेरून आलेल्या, मराठी न येणाऱ्या मुलांची वेगळी तुकडी करावी, म्हणजे बाकीच्यांचा अभ्यास मागे पडणार नाही. त्यांची काळजी खोटी नाही. एका तासिकेत शिक्षिकेला दोनदा समजावून सांगावे लागते हे आम्ही रोज पाहतो. आपला समाज या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहत आला, पोर्तुगीज अमलातही आपण घरात आणि देवळात मराठी टिकवली. ती शाळेत पातळ होईल की काय, ही भीती आम्हांला कळते. विश्वस्तांनी निर्णय आमच्यावर सोपवला आणि आम्ही तुकडी वेगळी न करण्याचा निर्णय घेतला. त्याऐवजी अशा मुलांसाठी शाळा सुटल्यावर रोज पाऊण तास मराठीचा जादा वर्ग चालू केला आहे. दोन शिक्षिका तो विनामोबदला घेतात, हिंदी समजावण्यापुरते आम्हीही बसतो. सहामाहीचे गुण आले की ते पालकसभेत सर्वांसमोर ठेवू. गुण घसरलेले दिसले तर पुन्हा विचार करू, असा शब्द आम्ही दिला आहे.

हा निर्णय घेताना बरहजच्या लोकांचा विचार आमच्या मनात नव्हता असे म्हणणार नाही. पुण्याहून सुमारे दीड हजार किलोमीटरवरून आलेला, त्यांची बोली न येणारा, कोणाचाच नातेवाईक नसलेला एक मुलगा त्यांनी ठेवून घेतला होता.

येत्या १२ डिसेंबरला प्रार्थनेच्या वेळी बाबा राघवदासांचे छोटे चरित्र वाचले जाईल. सातवीच्या मुलांनी गंगेच्या मैदानाचा मोठा नकाशा काढायला घेतला आहे. त्यात गाझीपूर, दोहरीघाट, चौरीचौरा आणि बरहज ठळक असतील. आपल्यापैकी कोणाकडे १९९८ चे ते टपाल तिकीट असल्यास प्रदर्शनासाठी दोन दिवस द्यावे, जपून परत करू. चरित्र वाचणार आहे पाचवीतला तोच मुलगा, मराठीतून. सध्या तो रोज मधल्या सुट्टीत आमच्या खोलीत येऊन वाचनाची तयारी करतो. जोडाक्षरे चांगली म्हणतो. ळ अजून जमत नाही; चळवळ हा शब्द आला की थांबतो, आमच्याकडे पाहतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

आपले,
मुख्याध्यापक